घड्याळ येण्याआधीची दिशा

ताई, सप्रेम नमस्कार.
मी साताऱ्याची. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं. सध्या मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी स्कॉटलंडकडची एक जुनी गोष्ट मराठीत आणते आहे. चाइल्ड रोलँडची. त्यात भावंडं चर्चपाशी चेंडू खेळत असतात. बहीण, बर्ड एलन, चेंडू आणायला चर्चला वळसा घालून जाते आणि नाहीशी होते. का, तर ती ‘विडरशिन्स’ गेली म्हणून! शब्दकोशात अर्थ मिळाला, ‘घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने’. मी तसंच लिहिलं. संपादकांनी त्या शब्दांभोवती लाल गोल काढून पान परत पाठवलं. समासात एकच ओळ होती, ‘या गोष्टीत घड्याळ कुठून आलं?’ लंडनला दहा वर्षं राहिलेल्या मामेभावाला विचारलं, तर त्यानं हा शब्द ऐकलेलाच नव्हता. मग गाळूनच टाकू का? नाहीतरी उलट्या बाजूनं गेलं की वाईट होतं ही अंधश्रद्धाच आहे, ती आजच्या मुलांना कशाला द्यायची? आणि मनातलं सांगते, एम.ए. होऊन एक साधं क्रियाविशेषण माहीत नसावं याची फार लाज वाटते आहे.
— तुमची एक वाचक


प्रिय मैत्रिणी,

वयाच्या अधिकारानं तुला ‘अगं’ म्हणते, राग मानू नकोस.

लाजेचं आधी संपवू. हे साधं क्रियाविशेषण नाही. तुझ्या मामेभावाला ते ठाऊक नव्हतं यात नवल काहीच नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या कितीतरी माणसांनाही ते ठाऊक नसतं. हा मुळात स्कॉट्स भाषेतला शब्द. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातली, इंग्रजीची सख्खी बहीण म्हणावी अशी भाषा. तिथून तो इंग्रजीत आला आणि गोष्टींत, गाण्यांत, चेटकाच्या वर्णनांत राहिला. रोजच्या व्यवहारात तो कधी फारसा उतरलाच नाही. आपल्याकडे कोकणातल्या गाऱ्हाण्यातला एखादा शब्द नागपूरच्या माणसाला कळला नाही, तर आपण त्याचं मराठी कच्चं आहे असं म्हणतो का?

आता संपादकांचा लाल गोल. मला तो फार आवडला. ज्यांनी काढला त्यांना माझा नमस्कार सांग. शब्दकोशानं तुला अर्थ दिला तो खोटा नाही. चर्चच्या मनोऱ्यावरून खाली पाहिलं, तर एलन घड्याळाच्या उलटच गेलेली दिसेल. पण शब्दाला घड्याळ माहीत नाही. काट्यांवरून दिशा सांगण्याची इंग्रजीची रीत 19व्या शतकातली. विडरशिन्स त्याच्या कितीतरी आधीचा. 1513 साली गॅविन डग्लस या स्कॉटिश कवीनं रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य स्कॉट्समध्ये उतरवून पूर्ण केलं, त्यात हा शब्द आहे. आणि गंमत बघ, तिथे कुणी कशाला वळसा घालत नाही. भीतीनं केस ‘विडरशिन्स’ उभे राहतात. म्हणजे केस ज्या अंगाला बसतात त्याच्या उलट. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की कसं होतं, तसं. या शब्दाचं बीज तिथेच आहे. घडण आहे तिच्या विरुद्ध, वाट आहे तिच्या विरुद्ध.

शब्द उकलून पाहू, कारण तुझं उत्तर त्याच्या पोटातच आहे.

उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची मध्ययुगातली भाषा, जिला लो जर्मन म्हणतात, तिच्यातला ‘वेडरझिनेस’ हा याचा पूर्वज. ‘वेडर’ म्हणजे विरुद्ध. ‘झिन’ म्हणजे जाण्याची दिशा, वाट. शेवटचा ‘स’ षष्ठीचा. सगळं मिळून ‘विरुद्ध वाटेचं’. षष्ठीचा प्रत्यय गोठून क्रियाविशेषण होणं इंग्रजीला नवीन नाही. ऑल्वेज, नाउअडेज, वन्स या शब्दांच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘झ’ तोच आहे, आज तो कुणाला षष्ठी वाटत नाही एवढंच. संस्कृत शिकली असशील तर ‘चिरस्य’, म्हणजे ‘फार काळानं’, आठव. रूप षष्ठीचं, काम क्रियाविशेषणाचं. आपण ‘दिवसा’, ‘रात्री’, ‘घरी’ म्हणतो तेव्हा तरी विभक्ती कुठे आठवते?

‘वेडर’च्याच कुळातला इंग्रजी शब्द तू रोज वापरतेस. ‘विथ’. आज त्याचा अर्थ ‘सह’, पण जुन्या इंग्रजीत तो ‘विरुद्ध’ होता. ‘विथस्टँड’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे, विरुद्ध उभं राहणं. भांडणाच्या वाक्यांतही तो सापडतो. फ्रान्स ‘विथ’ लढाई म्हणजे फ्रान्सच्या सोबतीनं की फ्रान्सच्या विरुद्ध? आपल्या ‘शी’चं असंच आहे. मित्राशी बोललो आणि शत्रूशी लढलो, दोन्हीकडे ‘शी’च. आणि आणखी मागे, फार मागे गेलं की या ‘वेडर’चं नातं आपल्या ‘वि’शी लागतं. वियोग, विलग, विभक्त यांतला ‘वि’. दूर, वेगळं करणारा.

‘झिन’चंही कूळ चालण्याचं. इंग्रजी ‘सेंड’ त्याच घरातला, म्हणजे मुळात ‘चालायला लावणं’. आजच्या जर्मनमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला जो लांबलचक शब्द आहे, ऊरत्सायगरझिन, त्याच्या शेवटी हाच ‘झिन’ बसलेला आहे. पण स्कॉटलंडमध्ये याचं भलतंच झालं. स्कॉट्समध्ये सूर्याला ‘सिन’ असंही म्हणत. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा शब्दातला ‘सिन’ सूर्यच! ‘वाटेच्या विरुद्ध’चा ‘सूर्याच्या विरुद्ध’ झाला. चुकीची व्युत्पत्ती, पण मला विचारशील तर तिनं शब्दाला प्राण दिला. वाट कुणाची, हे मूळ शब्दात नव्हतं. लोकांनी ती सूर्याची ठरवली.

एडिंबरो जवळजवळ 56 अंश उत्तरेला. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. पुण्या-साताऱ्याला मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी पायाखालची सावली नाहीशी होते आणि नंतर काही आठवडे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडूनही जातो. तिथल्या माणसाला हे माहीतच नाही. त्याचा सूर्य पूर्वेला उगवतो, दक्षिणेच्या आभाळातून चालतो आणि पश्चिमेला उतरतो. वर्षाचे बारा महिने हीच वाट. तुम्ही घराभोवती पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे चाललात तर सूर्याच्या सोबतीनं चाललात. घर तुमच्या उजव्या हाताला राहतं. याच्या उलट चाललात तर विडरशिन्स, आणि घर डाव्या हाताला. घड्याळाचे काटे या वाटेनं फिरतात ते तरी का? उत्तर गोलार्धात सपाट ठेवलेल्या सूर्यघड्याळाची सावली याच वाटेनं फिरते. घड्याळानं सूर्याची नक्कल केली आणि आपण आता सूर्याची वाट घड्याळावरून सांगतो. संपादकांचा लाल गोल इथे पडला आहे.

सूर्याबरोबरच्या या चालण्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर बोलल्या जाणाऱ्या गेलिक भाषेत ‘जेशल’ म्हणतात. इंग्रजीत तो स्पेलिंगमुळे पार वेगळा दिसतो. विडरशिन्सचा जोडीदार तो हा. ‘जेस’ म्हणजे उजवा. आणि ‘जेस’ म्हणजे दक्षिण. एकच शब्द, दोन्ही अर्थ.

इथे मी तुला एक क्षण थांबवते. उजवा आणि दक्षिण, दोन्हींना एकच शब्द. कुठे पाहिलाय हा शब्द?

आपला ‘दक्षिण’. ‘दक्षिण कर’ म्हणजे उजवा हात आणि ‘दक्षिण दिशा’ म्हणजे पूर्वेला तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताची दिशा. हे नुसतं साम्य नाही, रक्ताचं नातं आहे. गेलिकचा ‘जेस’, लॅटिनचा ‘डेक्स्टर’ आणि संस्कृतचा ‘दक्षिण’ एकाच मुळाचे. त्या मुळापासून आपल्याकडे ‘प्रदक्षिणा’ झाली, तिकडे ‘जेशल’ झाला. त्याच ‘दक्षिण’चा प्राकृतात ‘दक्खिण’, त्याचा दख्खन आणि इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. पुण्यात डेक्कनला उतरणाऱ्या माणसाच्या ओठांवर स्कॉटिश बेटांवरच्या एका शब्दाचा चुलतभाऊ असतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

चालीही जुळतात. मार्टिन मार्टिन नावाचा स्काय बेटावरचा गृहस्थ. 1703 मध्ये त्यानं स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांचं वर्णन छापलं. त्यात तो सांगतो की उजव्या हातात अग्नी धरून घराभोवती, धान्याभोवती, गुरांभोवती फेरी घालण्याची जुनी चाल होती. बाळंतिणीभोवती आणि बारसं न झालेल्या बाळाभोवतीही असाच अग्नी फिरवत. एका लहानशा बेटावर तर पाहुण्याबद्दलचा आदर दाखवायला एक रहिवासी त्याच्याभोवतीच सूर्याच्या वाटेनं फिरला आणि त्याला आशीर्वाद देऊ लागला. पाहुणा होता पाद्री. तो अवघडला आणि ‘हे राहू दे’ म्हणाला.

उजव्या हातात अग्नी धरून फिरवणं. आपण त्याला ओवाळणं म्हणतो. माझ्या आजीचं तबक पितळेचं होतं. काठाला एक पोचा होता आणि निरांजन त्या पोच्याच्या बाजूला किंचित कलायचं. भाऊबीजेला मी पहिल्यांदा ओवाळायला बसले तेव्हा तबक उलटं फिरवलं. आजीनं काही न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवला, थांबवलं आणि माझ्याच हातानं सुलट फिरवून दाखवलं. का, हे तिनं सांगितलं नाही. मला वाटतं तिलाही कुणी सांगितलं नसेल. मनगटातून मनगटात गेलेली ती गोष्ट आहे.

म्हणून म्हणते, शब्द गाळू नकोस. मराठी वाचकाला समजणार नाही अशी ही कल्पनाच नाही. उलट लंडनच्या मुलापेक्षा साताऱ्याच्या मुलाला ती लवकर समजेल. आपली भाषा उजव्या-डाव्यानं भरलेली आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली की काम होणार. एखाद्याला डावललं, डावं-उजवं केलं, वाममार्गानं पैसा केला. ‘वाम’ म्हणजे डावा, हे बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि हडळ ओळखायची कशी? पाय उलटे. स्कॉटलंडच्या पऱ्यांच्या राज्यात न्यायला उलटी वाट लागते आणि आपल्याकडे त्या राज्यातून आलेली बाई उलट्या पावलांनी येते.

आता अंधश्रद्धेचं. तुझा प्रश्न मोलाचा आहे आणि त्याला झटकून टाकायची माझी इच्छा नाही, कारण या शब्दावर रक्त आहे.

1590 साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवी राणी घेऊन येत असताना समुद्रात वादळं झाली. ती चेटकिणींनी उठवली असं ठरलं. एडिंबरोच्या पूर्वेला समुद्रकाठी नॉर्थ बेरिक नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चपाशी रात्री सैतानासोबत सभा भरली असा आरोप झाला आणि धरपकड सुरू झाली. ॲग्नेस सॅम्प्सन ही त्यातली एक. सुईण होती, आजाऱ्यांना औषधपाणी करायची. आधी तिनं सगळं नाकारलं. छळ झाल्यावर कबूल केलं. राजा स्वतः चौकशीला हजर होता. तिच्यावरच्या आरोपपत्रात लिहिलेलं आहे की त्या सभेत पुरुषांना नऊ वेळा आणि बायकांना सहा वेळा विडरशिन्स फिरवलं. 1591च्या जानेवारीत तिला मारलं. एखादी बाई कुठल्या बाजूनं फिरली, हा पुरावा झाला होता. स्कॉटलंडचा चेटूकविरोधी कायदा 1563 पासून 1736 पर्यंत होता. त्या काळात मारल्या गेलेल्यांसाठी 8 मार्च 2022 रोजी तिथल्या सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, निकोला स्टर्जन यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याला यात परकं काही नाही. डाकीण ठरवून बायकांना छळल्याच्या बातम्या आपणही वाचल्या आहेत आणि महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करायला 2013 उजाडावं लागलं.

तर तुझी काळजी खरी आहे. तरीही गोष्टीतून शब्द काढू नये असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण खुद्द गोष्टीत आहे. तू शेवटापर्यंत पुन्हा एकदा वाच. धाकटा रोलँड बहिणीला शोधत त्या हिरव्या गोल टेकडीपाशी येतो. टेकडीला पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यांसारखी कडी आहेत. दार कसं उघडायचं हे त्याला कोंबड्या राखणाऱ्या बाईनं सांगितलेलं असतं. तीन फेऱ्या घालायच्या, दर फेरीला ‘दार उघड’ म्हणायचं. आणि त्या फेऱ्या कशा? विडरशिन्स! ज्या वाटेनं बहीण गेली त्याच वाटेनं भाऊ जातो आणि तिला परत आणतो. उलटी वाट पापाची असं गोष्ट म्हणतच नाही. ती दुसऱ्या जगात जायची वाट आहे असं म्हणते. एक जण नकळत गेली, दुसरा कळून-सवरून गेला. मुलांना हा फरक कळतो, ती मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

आणि उलटी फेरी सगळीकडे अशुभ मानली जाते असंही नाही. मक्केत काबागृहाभोवतीच्या सात फेऱ्या डाव्या हाताला काबा ठेवूनच घालतात. कैलासाला हिंदू आणि बौद्ध यात्रेकरू उजवीकडून फिरतात, तर तिबेटमधल्या बॉन धर्माचे लोक समोरून येतात. त्याच पर्वताला, तितक्याच भक्तीनं. आपल्याकडे शास्त्रानं पितृकार्याला उलटी दिशा नेमून दिली आहे, ती अमंगळ म्हणून नव्हे, ते कार्य त्या बाजूचं म्हणून. आणि शंकराच्या देवळात तर तू स्वतःच उलटी चालली असशील. कृष्णाकाठच्या आमच्या देवळात गाभाऱ्यामागची फरशी कायम ओली असायची. नंदीपासून निघायचं, तीन बाजू फिरून अभिषेकाचं पाणी जिथून पडतं त्या गोमुखाच्या पन्हळीपाशी यायचं आणि थांबायचं. पन्हळ ओलांडायची नाही. आल्या पावली मागे फिरायचं, पुढून पलीकडच्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत आणि परत. लहानपणी मला ते फार आवडायचं, कारण मागे वळताना मागून येणाऱ्या सगळ्यांची तोंडं दिसत. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात तिला. त्यातली निम्मी वाट स्कॉटलंडच्या भाषेत विडरशिन्सच.

गोष्टीतून मुलांना काय द्यायचं याची चिंता असेल, तर ती दुसऱ्या जागी कर. रोलँडला ताकीद असते की पऱ्यांच्या देशात जो बोलेल त्याचं मुंडकं उडवायचं. तो घोडे राखणाऱ्याला, गाई राखणाऱ्याला आणि ज्या बाईनं टेकडीचं गुपित सांगितलं तिलाही मारतो. मदत करणाऱ्यांना. हे कसं घ्यायचं यावर संपादकांशी नीट बोल. माझं मत विचारलंस तर ठेवावं, पण भरभर पुढे जावं, वर्णन करत बसू नये.

आता मराठी शब्द. तुझ्या मनात ‘अपसव्य’ आला असेल. माझ्याही आला. अर्थानं अगदी जवळचा, पण तो म्हटला की मराठी माणसाला श्राद्ध दिसतं, उजव्या खांद्यावर गेलेलं जानवं दिसतं. बहिणीसाठी तो फार जड. शिवाय ‘सव्यापसव्य’ म्हटलं की आपल्याला नुसती यातायात आठवते. ‘उलटी प्रदक्षिणा’ही नको. प्रदक्षिणा श्रद्धेनं घालतात, एलन चेंडूमागे धावली होती. ‘सूर्यविरुद्ध’ म्हटलं तर ते भूगोलाच्या पुस्तकातलं वाटेल.

मला विचारशील तर ‘उफराटा’. जुना आहे, झोकदार आहे, बोलीत अजून जिवंत आहे. उलटा म्हणजे नुसती बाजू बदललेला. उफराट्यात घडण मोडल्याची, वाकड्यात शिरल्याची जाणीव आहे. गॅविन डग्लसच्या उभ्या राहिलेल्या केसांनाही तो शोभला असता. विडरशिन्सच्या दोन्ही तुकड्यांचा हिशेब मांडलास तर ‘उफराट्या वाटेनं’ हेच उत्तर येतं. ‘उफराटा वळसा’, ‘उफराटी फेरी’, कुठेही बसतो. मुलांना माहीत नसेल? नसू दे. ही गोष्ट जोसेफ जेकब्सनं 1890 मध्ये मुलांसाठी छापली, तेव्हा तिथल्या मुलांनाही विडरशिन्स माहीत असेल असं त्यानं धरलं नव्हतं. म्हणून तर गोष्टीतल्या मर्लिन या जादूगाराच्या तोंडी तो शब्द आला की लगेच पुढे ‘म्हणजे सूर्याच्या उलट वाटेनं’ असं सांगून टाकलं आहे. तळटीप नको, कंस नको. जादूगारच शिक्षक झाला.

आणखी एक बघ. एलन चेंडूमागे जाते त्या ओळींत हा शब्द मुळात नाहीच. ती जाते, वाट बघतात, ती येत नाही, पूर्वेला शोधतात, पश्चिमेला शोधतात. शब्द पुढे मर्लिनपाशी उघडतो. तुझ्या पत्रावरून वाटलं की तू तो आधीच सांगून टाकला आहेस. तसं करू नकोस. आधी फक्त डोळ्यांना दिसेल एवढं लिही. मी असं लिहीन:

‘चेंडू चर्चच्या छपरावरून पलीकडे गेला. एलन आणायला धावली. चर्च तिच्या डाव्या हाताला होतं. कोपऱ्यावर तिच्या झग्याची किनार दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.’

डावा हात एवढीच खूण. वाचणारं मूल ती ओलांडून पुढे जाईल. आणि मग मर्लिन म्हणेल:

‘ती उफराटी गेली, पोरा. सूर्य ज्या वाटेनं जातो तिच्या उलट वाटेनं चर्चला वळसा घातला तिनं. म्हणून तिला नेलं त्यांनी.’

तेव्हा ते मूल मागची पानं उलटून ‘डाव्या हाताला’ शोधायला जाईल. पुढे टेकडीपाशी मात्र समजावू नकोस. ‘तीन उफराट्या फेऱ्या’ एवढंच पुरे, आता शब्द त्याचा झालेला असेल.

जाता जाता नावांचं. ‘चाइल्ड’चं ‘बाळ रोलँड’ करू नकोस. इथे चाइल्ड म्हणजे मूल नव्हे, अजून सरदारकी न मिळालेला घराण्यातला तरुण. आणि ‘बर्ड’ म्हणजे पाखरू नव्हे, स्पेलिंग बघ. जुन्या काव्यातली कुलीन स्त्री ती. ‘एलनबाई’ म्हटलं तर आपल्याकडे शाळेतल्या बाई उभ्या राहतात. बर्ड एलन असंच राहू दे.

पाठवण्याआधी आळीतली दोन-चार मुलं गोळा कर. अंगणात खडूनं मोठा गोल काढ, मधे एक पाट ठेव, तेच चर्च. टेकडीपर्यंतची गोष्ट वाचून दाखव आणि म्हण, आता दार उघडा. कुठल्या बाजूनं पळायला लागतात ते बघ आणि मला कळव. चुकीच्या बाजूनं पळाली, तर वाक्य पुन्हा लिहायचं आहे असं समज. दिवाळी अंकाला अजून वेळ आहे.

तुझी,
ताई